पॉइंट मोजा, मग वापरा

विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डावर एका पॉइंटची किंमत किती, हे आधी काढा. समजा, तिकीट 6,500 रुपयांना आहे आणि तेच 8,000 पॉइंट अधिक 900 रुपये कर भरून मिळतं. वाचले 5,600 रुपये, म्हणजे पॉइंटला 70 पैसे पडले. हा भागाकार दर वेळी करावाच. त्याच पॉइंटांवर मिक्सर किंवा गिफ्ट व्हाउचर घेतलं, तर बहुधा याहून कमी पदरात पडतं.

वार्षिक शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. 3,000चे 3,540 होतात. घरभाडं, इंधन, वॉलेट यांवर बरीच कार्डं पॉइंट देत नाहीत. लाउंजचा मोफत प्रवेशही अनेकदा आधीच्या तिमाहीतल्या खर्चावर ठरतो.

पॉइंट वर्षानुवर्षं साठवू नका. नियम बदलतात, कंपन्याही बदलतात : 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले.

आणि बिल पूर्ण भरा. 50,000 रुपये थकले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज 1,750 रुपये, वर जीएसटी वेगळा.