रिची एव्हान्स

रिची एव्हान्स (२३ जुलै १९४१ – २४ ऑक्टोबर १९८५) हे अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचे चालक होते. नॅसकार या संस्थेच्या मॉडिफाइड प्रकारातील राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी नऊ वेळा पटकावले. त्यांपैकी आठ अजिंक्यपदे १९७८ ते १९८५ या काळात सलग मिळवलेली आहेत. त्यांची बहुतेक कारकीर्द न्यू यॉर्क, कनेक्टिकट आणि आसपासच्या राज्यांतील लहान धावपट्ट्यांवर घडली. नॅसकारच्या विन्स्टन कप या सर्वोच्च मालिकेकडे ते वळले नाहीत. तरीही २०१२ मध्ये नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. नारिंगी रंगाची ६१ क्रमांकाची मोटार आणि ‘रॅपिड रोमन’ हे टोपणनाव यांमुळे ते ओळखले जात.

प्रारंभिक जीवन

एव्हान्स यांच्या कुटुंबाची न्यू यॉर्क राज्याच्या मध्य भागातील वेस्टर्नव्हिल या खेड्यात शेती होती. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी घरची शेती सोडली आणि जवळच्या रोम या शहरात मोटार गॅरेजमध्ये काम धरले. याच रोम शहरावरून त्यांना पुढे ‘रोमन’ हे टोपणनाव मिळाले. सुरुवातीला ते रस्त्यावर आणि सरळ पट्टीवरील ड्रॅग शर्यतींत मोटार पळवीत.

१९६२ मध्ये त्यांनी युटिका-रोम स्पीडवे या स्थानिक धावपट्टीवर हौशी चालकांच्या प्रारंभिक गटात आपली पहिली स्टॉक कार उतरवली. त्या मोटारीवर ‘पीटी-१०९’ असा क्रमांक होता. दुसऱ्या महायुद्धात जॉन एफ. केनेडी यांच्या हाताखाली असलेल्या नौकेचा हा क्रमांक होय. त्या वेळी केनेडी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. १९६५ मध्ये एव्हान्स मॉडिफाइड गटात आले आणि त्याच हंगामात त्यांनी या गटातील पहिली मुख्य शर्यत जिंकली.

मॉडिफाइड शर्यतींचे स्वरूप

मॉडिफाइड हा नॅसकारमधील सर्वांत जुना प्रकार आहे. संस्थेच्या १९४८ सालच्या पहिल्या हंगामात याच मोटारी धावल्या. आज कप मालिका म्हणून ओळखली जाणारी मालिका त्यानंतर १९४९ मध्ये सुरू झाली. प्रारंभी जुन्या मोटारींची इंजिने बदलून, मडगार्ड काढून आणि त्यांचे वजन कमी करून या गाड्या तयार केल्या जात. एव्हान्स यांच्या काळापर्यंत खास बांधलेल्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर पिंटो, व्हेगा यांसारख्या लहान मोटारींच्या आकाराचे कवच बसवण्याची पद्धत रूढ झाली होती. पुढची चाके उघडी, टायर रुंद, बांधणी बुटकी आणि इंजिन आठ सिलिंडरांचे असे या मोटारींचे रूप असे.

या शर्यती प्रामुख्याने एक मैलाहून कमी लांबीच्या लंबवर्तुळाकार धावपट्ट्यांवर होत. कनेक्टिकटमधील स्टॅफर्डची धावपट्टी अर्धा मैल (सुमारे ०.८ किमी), तर व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलची ०.५२६ मैल (सुमारे ०.८५ किमी) लांबीची आहे. अशा पट्टीवर सरळ भाग थोडा आणि वळणे लागोपाठ येतात. त्यामुळे सर्वोच्च वेगापेक्षा वळणावरची पकड, ब्रेकचा जपून वापर आणि गर्दीतून वाट काढण्याचे कौशल्य अधिक मोलाचे ठरते. उघडी चाके एकमेकांत अडकली तर मोटार उसळू शकते, हा या प्रकारातील कायमचा धोका आहे.

अजिंक्यपदाला ‘राष्ट्रीय’ म्हटले जात असले, तरी या प्रकाराचा खरा पाया ईशान्य अमेरिकेतील स्थानिक धावपट्ट्यांवर होता. १९८४ पर्यंत मोठ्या शर्यतींबरोबरच नॅसकारची मान्यता असलेल्या साप्ताहिक शर्यतींचे गुणही अजिंक्यपदासाठी धरले जात. साहजिकच अजिंक्यपदाची आकांक्षा असणाऱ्या चालकाला आठवड्याच्या शेवटी एका धावपट्टीहून दुसरीकडे जावे लागे आणि मधल्या दिवसांत गॅरेजमध्ये मोटार पुन्हा सज्ज करावी लागे. एव्हान्स स्वतः मेकॅनिक होते आणि आपल्या शर्यतीच्या संघाचे मालकही होते. या दिनक्रमात त्याचा त्यांना मोठा उपयोग झाला.

कारकीर्द

जेरी कूक यांच्याशी स्पर्धा

एव्हान्स यांनी पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद १९७३ मध्ये मिळवले. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी जेरी कूक हेही रोम शहरातच राहत. कूक यांनी १९७१, १९७२ आणि १९७४ ते १९७७ अशी सहा अजिंक्यपदे जिंकली. म्हणजे १९७१ पासून १९८५ पर्यंत सलग पंधरा वर्षे हा किताब एकाच लहान शहरातील दोघा चालकांकडे राहिला.

दोघांच्या पद्धती भिन्न होत्या. कूक गुणांचा हिशेब ठेवून, मोटार सांभाळून हंगाम पूर्ण करण्यावर भर देत. एव्हान्स प्रत्येक शर्यत जिंकण्याच्या इराद्याने उतरत. रोममधील शर्यतशौकिनांत त्यामुळे सरळ दोन तट पडले होते.

सलग आठ अजिंक्यपदे

१९७८ पासून एव्हान्स यांचे वर्चस्व सुरू झाले. त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्यातीलच जेफ बोडीन यांनी एका हंगामात ५५ मॉडिफाइड शर्यती जिंकण्याचा विक्रम केला. परंतु अजिंक्यपद एव्हान्स यांना मिळाले. नॅसकारची मान्यता नसलेल्या शर्यतींतील विजय या किताबासाठी मोजले जात नसत आणि मान्यताप्राप्त शर्यतींत वर्षभर साठवलेले गुण निर्णायक ठरत. पुढच्या, म्हणजे १९७९ च्या हंगामात एव्हान्स यांनी ६० शर्यतींपैकी ३७ जिंकल्या आणि ५४ वेळा पहिल्या पाचांत स्थान मिळवले. एकूण कारकिर्दीत त्यांच्या नावावर ४०० हून अधिक विजय आहेत.

त्यांच्या सर्वांत संस्मरणीय विजयांपैकी एक १९८१ मध्ये मार्टिन्सव्हिल येथे झाला. शेवटच्या फेरीत, अंतिम रेषेकडे झेपावताना एव्हान्स आणि बोडीन यांच्या मोटारी एकमेकींत अडकल्या. एव्हान्स यांची मोटार बाहेरच्या भिंतीवर चढली आणि मोडक्या अवस्थेतच पहिल्या क्रमांकाने रेषा ओलांडून गेली.

बोडीन पुढे विन्स्टन कप मालिकेत गेले आणि १९८६ ची डेटोना ५०० ही प्रतिष्ठेची शर्यत त्यांनी जिंकली. प्रादेशिक चालकाच्या प्रगतीचा हाच नेहमीचा मार्ग मानला जाई. एव्हान्स मात्र मॉडिफाइडमध्येच राहिले. त्यामुळे देशभरातील प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला हयातीत फारशी आली नाही. याउलट ईशान्येकडील प्रेक्षकांना हा विजेता दरवर्षी आपल्या गावच्या धावपट्टीवर पाहायला मिळे.

१९८५ चा हंगाम

१९८५ मध्ये नॅसकारने या प्रकाराची रचना बदलली. साप्ताहिक शर्यतींचे गुण वगळून ठरावीक शर्यतींची स्वतंत्र मालिका सुरू करण्यात आली. ती पुढे व्हेलन मॉडिफाइड टूर या नावाने ओळखली गेली. निवृत्त झालेल्या जेरी कूक यांच्याकडे तिच्या संचालनाची जबाबदारी आली. जुन्या पद्धतीत जास्तीत जास्त शर्यतींत भाग घेणाऱ्याला गुण वाढवण्याची संधी असे. नव्या रचनेत सर्वांसमोर एकच वेळापत्रक होते. या पहिल्याच हंगामात एव्हान्स यांनी १२ शर्यती जिंकल्या आणि शेवटच्या शर्यतीपूर्वीच, थॉम्पसन येथे नववे अजिंक्यपद निश्चित केले. आधीच्या अजिंक्यपदांचे कारण केवळ शर्यतींची संख्या नव्हती, हे त्यातून स्पष्ट झाले.

मृत्यू

हंगामाची अखेरची शर्यत मार्टिन्सव्हिल येथे होणार होती. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी तिच्या सरावादरम्यान एव्हान्स यांची मोटार तिसऱ्या वळणावरील भिंतीवर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ४४ वर्षांचे होते. अजिंक्यपद आधीच निश्चित झाले असल्याने १९८५ चे विजेते म्हणून त्यांचेच नाव नोंदले गेले.

१९८७ मध्ये चार्ली जार्झोम्बेक या मॉडिफाइड चालकाचाही मार्टिन्सव्हिल येथेच मृत्यू झाला. या अपघातांमुळे मॉडिफाइड मोटारींच्या ताठर सांगाड्याचा प्रश्न ऐरणीवर आला. मजबूत सांगाडा वळणावर मोटार स्थिर ठेवतो. पण भिंतीवर समोरून धडक बसल्यास तो चेपला जात नाही आणि आघाताचा मोठा भाग चालकाच्या शरीरापर्यंत पोहोचतो. डोके व मान सावरून धरणारे उपकरण आणि धडकेची ऊर्जा शोषून घेणाऱ्या भिंती त्या काळी उपलब्ध नव्हत्या. नॅसकारने आपल्या प्रमुख मालिकांत असे उपकरण २००१ मध्ये सक्तीचे केले, तर ऊर्जाशोषक भिंतींचा वापर २००२ पासून सुरू झाला.

अजिंक्यपदे

नॅसकार राष्ट्रीय मॉडिफाइड अजिंक्यपद: १९७३, १९७८, १९७९, १९८०, १९८१, १९८२, १९८३, १९८४
नॅसकार मॉडिफाइड मालिका (नवी रचना): १९८५

सन्मान आणि वारसा

एव्हान्स यांच्या स्मरणार्थ नॅसकारने मॉडिफाइड मालिकेतून ६१ हा क्रमांक कायमचा मागे घेतला. १९९६ मध्ये त्यांचा इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. नॅसकारच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९९८ मध्ये जाहीर झालेल्या ५० सर्वश्रेष्ठ चालकांच्या यादीत त्यांचे नाव होते. २००३ मध्ये निवडलेल्या सर्वकालीन दहा मॉडिफाइड चालकांत त्यांना पहिले स्थान देण्यात आले.

२०१२ मध्ये नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये केल यारबरो, डॅरेल वॉल्ट्रिप, डेल इनमन आणि ग्लेन वुड यांच्यासमवेत त्यांना स्थान मिळाले. त्या वर्षीच्या इतर चौघांची ख्याती सर्वोच्च मालिकेतील कामगिरीवर उभी होती. एव्हान्स यांची निवड मात्र मॉडिफाइडमधील कर्तृत्वावर झाली. प्रादेशिक शर्यतींना संस्थेच्या इतिहासात बरोबरीचे स्थान मिळण्याच्या दृष्टीने ही निवड महत्त्वाची ठरली. जेरी कूक यांचा समावेश २०१६ मध्ये झाला.

एव्हान्स यांच्या नऊ अजिंक्यपदांशी पुढे माइक स्टेफानिक यांनी बरोबरी केली. मात्र स्टेफानिक यांची सात अजिंक्यपदे मॉडिफाइडमधील आणि दोन बुश नॉर्थ या दुसऱ्या प्रादेशिक मालिकेतील आहेत. केवळ मॉडिफाइड प्रकारातील नऊ अजिंक्यपदे आणि त्यांतील सलग आठ, हा विक्रम एव्हान्स यांच्याच नावावर आहे.