मुलाखतीचे कपडे

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. मुलाला नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं, की पहिल्या दिवशी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी आई हळूच विचारते, "अरे, पण घालून काय जाणार?" तिथून घराला घोर लागतो. कुणी म्हणतं कोट हवा, कुणी म्हणतं टाय हवा. एखादी शेळी बाजारात जाते, नाहीतर शेजाऱ्याकडून उसने आणले जातात. हा घोर खरोखर किती करावा आणि कशाचा करावा, एवढंच आज आपल्याला पाहायचं आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. शिक्षकाच्या जागेसाठी त्याला बोलावणं आलं. चुलतभावाच्या लग्नातला कोट मागून आणून तो अंगात घालून गेला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. समितीनं नमुना पाठ घ्यायला सांगितलं. फळ्यावर लिहायला हात वर केला, की कोट खांद्यावर चढे. खाली केला, की खडू बाहीत जाई. परत आल्यावर मला म्हणाला, "सर, उत्तरं सगळी येत होती, पण ध्यान बाहीकडंच होतं." त्याची निवड झाली नाही. कोटामुळंच झाली नाही असं मी म्हणणार नाही. पण दोन वर्षांचा अभ्यास त्या बाहीत अडकला, हे खरं.

मुळात सभ्य पोशाख म्हणजे काय, हे काळाप्रमाणे बदलत आलेलं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा सरकारदरबारी शेरवानीला मान होता, आणि सुती ताणा व रेशमी बाणा घालून विणलेला आपल्याच शहरातला हिमरू त्या शेरवान्यांना शोभा देई. पुढं गांधी टोपी आणि खादी प्रतिष्ठित झाली. मग पँट-शर्ट आला. शेरवानी गेली, टोपीही मागं पडली. टिकल्या त्या दोनच गोष्टी: कपडा स्वच्छ असावा आणि अंगाला नीट बसावा.

कपड्याला कमी लेखावं असंही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितलं होतं, की लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून जात ओळखू यावी ही खूण पुसून टाका. वस्त्र फाटकं असलं तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या. ज्यांना माणूस म्हणून वागवलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी पोशाख हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय काढलं, आणि खेड्यापाड्यांतली पोरं शिकून मुलाखतींच्या दारापर्यंत पोहोचू लागली.

आता व्यवहाराचं बोलू. मुलग्यांनी फिकट रंगाचा शर्ट आणि गडद पँट घालावी. शर्ट नवा घेतला, तर आधी एकदा धुऊन दोन दिवस अंगावर वागवावा; कोरा कपडा मानेला टोचतो. वीज नसेल, तर पितळी तांब्याचं बूड स्वच्छ पुसून, त्यात निखारे घालून इस्त्री होते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. बूट जुने चालतील, पण पॉलिश केलेले हवेत. नखं कापलेली असावीत, आणि अत्तर नसलेलंच बरं. मुलींनी साडी किंवा पंजाबी ड्रेस, जे रोजच्या सवयीचं असेल ते घालावं. सवय नसताना नेसलेली साडी सारखी सावरावी लागते. कुंकू, मंगळसूत्र, पगडी, डोक्यावरचा रुमाल ही ज्याची त्याची बाब आहे.

रात्रीच्या एस.टी.नं येणार असाल, तर मुलाखतीचे कपडे अंगात घालून निघू नका. घडी करून पिशवीत सगळ्यात वर ठेवा आणि इथं उतरल्यावर, तोंड धुऊन, बदला.

आणखी एक. कपडा कामाला साजेसा असावा. वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या आय.टी.आय.च्या मुलानं पुढून बंद असलेले बूट घालावेत. सैल बाही, अंगठी, हातातलं कडं टाळावं. फिरत्या यंत्रात सैल कपडा ओढला जातो आणि हात जातो. तुम्हाला हे कळतं, हे तुमच्या कपड्यांवरून दिसायला हवं.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. एखाद्या शनिवारी वर्गातच खोटी मुलाखत घ्या; मुलं आपल्या कपड्यांत चालून, बसून, फळ्यावर लिहून पाहू देत. आणि स्वतः निवड समितीवर बसाल, तेव्हा सावध राहा. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० साली दाखवून दिलं, की माणसाची एक गोष्ट आपल्याला आवडली, की त्याचे बाकीचे गुणही आपण नकळत चढवून मोजतो. त्याची उलट बाजूही तितकीच खरी. विरलेली कॉलर पाहून बुद्धीचे गुण कापू नका.

केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांतून मुलाखत १ जानेवारी २०१६ पासून गेली. बऱ्याच ठिकाणी मात्र ती अजून आहे, आणि तिथं काही मिनिटांत माणूस जोखला जातो. त्या मिनिटांत समितीला तुमचे कपडे आठवू नयेत, आणि तुम्हालाही आठवू नयेत. ज्या कपड्यांचा दोघांनाही विसर पडतो, ते कपडे चांगले. ते बहुधा घरातच असतात. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायचे असतात, इतकंच. शेळी विकू नका.