विमा घेण्याआधी रेशनकार्ड तपासा

फुलपाड्यात राहता, पगार बेताचा, आणि कुटुंबासाठी परवडणारा आरोग्य विमा शोधताय? मग एजंटला फोन करण्याआधी घरातले रेशनकार्ड काढा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र राबवल्या जातात. कार्ड पिवळे, केशरी किंवा पांढरे, महाराष्ट्रातले असले की झाले. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. हप्ता भरावा लागत नाही.

घोळ होतो तो नावांचा. सून रुग्णालयात दाखल, आणि तिचे नाव अजून माहेरच्या कार्डावर! ही दुरुस्ती सगळे धडधाकट असतानाच करून घ्या. मग आधारवर ई-केवायसी करून प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढा.

रुग्णालय योजनेत आहे का, तुमचा उपचार यादीत आहे का, हे १५५३८८ वर विचारा. तिथे पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा खर्च मात्र यात बसत नाही.

यादीबाहेरच्या उपचारांसाठी खासगी फॅमिली फ्लोटर घेणार असाल, तर अर्जात मधुमेह लपवू नका. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, तो सोसता येतो. लपवलेल्या आजारापायी क्लेम नाकारला गेला, तर सगळे बिल तुमच्याच अंगावर पडते.