बेनी कार्टरचे चार सॅक्सोफोन

२८ एप्रिल १९३७ रोजी पॅरिसमधल्या एका स्टुडिओत चार सॅक्सोफोनवादक एकत्र आले. टेनॉर सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स आणि अलिक्स कोंबेल, आल्टोवर आंद्रे एकियाँ आणि बेनी कार्टर. दोघे अमेरिकेचे, दोघे फ्रान्सचे. साथीला गिटारवर जँगो राइनहार्ट होता, आणि जन्मभर व्हायोलिनसाठी ओळखला गेलेला स्तेफान ग्रापेली त्या दिवशी पियानोवर बसला होता. शार्ल दलोनेच्या 'स्विंग' या नव्या लेबलची पहिलीवहिली तबकडी या बैठकीतून निघाली. एका बाजूला 'हनीसकल रोझ', दुसऱ्या बाजूला 'क्रेझी ऱ्हिदम'.

या तबकडीचा विषय निघाला की जॅझचे जाणकार हॉकिन्सच्या सोलोबद्दल बोलतात. 'क्रेझी ऱ्हिदम'मध्ये सॅक्सोफोनवाल्यांपैकी त्याची पाळी सर्वांत शेवटी येते. तो रंगात येतो, मागून कुणीतरी 'चालू दे' म्हणून ओरडतं आणि तो पुढचं आवर्तनही घेऊन टाकतो. ऐकताना अंगावर काटा येतो यात शंका नाही. पण मी ही तबकडी पुन्हा पुन्हा लावतो ती सोलो सुरू होण्याआधीच्या भागासाठी. चौघे मिळून चाल वाजवतात. एकाच ठिकाणी दम घेतात, एकाच सुरावर जोर देतात, एकत्र सैल होतात, आणि तरीही चारही आवाज वेगवेगळे ऐकू येतात. हे सगळं कागदावर लिहिलेलं होतं. लिहिणारा, म्हणजे अरेंजर, होता बेनी कार्टर, वय वर्षं २९.

हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रोत्याला अरेंजर म्हणजे कोण हे वेगळं सांगायला नको. चाल संगीतकाराची असते. पण व्हायोलिनं कुठे उठायची, ट्रम्पेटनी कुठे गप्प बसायचं, दोन अंतऱ्यांच्या मधल्या तुकड्यात काय वाजायचं, हे नोटेशनमध्ये उतरवायचं काम मुंबईत सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा गोव्याच्या मंडळींनी वर्षानुवर्षं केलं. सेबॅस्टियन आणि फ्रँक तर हॉटेलांतल्या जॅझ बँडमधूनच सिनेमात आले. त्या हॉटेलांचा आणि कार्टरच्या जगाचा धागा जुना आहे. १९३५ साली कार्टर पॅरिसला पोचला, त्याच सुमारास लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्तर आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. अमेरिकेत रंगभेदामुळे कोंडी झालेले कितीतरी गुणी वादक त्या दशकात असे जगभर पांगले होते.

बेनेट लेस्टर कार्टरचा जन्म ८ ऑगस्ट १९०७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. पियानोचे पहिले धडे आईकडून मिळाले. पुढे ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये नाव कमावलेला बबर मायली हा ट्रम्पेटवादक त्याच वस्तीत राहायचा. त्याच्यासारखं वाजवायचं म्हणून पोरवयातल्या कार्टरने पैसे साठवून ट्रम्पेट विकत घेतला. एक-दोन दिवस फुंकूनही हवा तसा आवाज निघेना, तेव्हा दुकानात परत नेला आणि बदल्यात सॅक्सोफोन आणला. वाजवायला तो बराचसा आपला आपणच शिकला. ट्रम्पेटची हौस मात्र गेली नाही. काही वर्षांनी तो पुन्हा हातात घेतला आणि असा वश केला की १९३९च्या 'मोअर दॅन यू नो'मधला त्याचा ट्रम्पेटचा सोलो ऐकून हा माणूस मूळचा आल्टोवाला आहे हे सांगूनही पटू नये. सॅक्सोफोनची फुंक आणि ट्रम्पेटची फुंक यांत ओठांची ठेवण पार वेगळी असते. दोन्ही वाद्यं इतक्या वरच्या दर्जाने वाजवणारे जॅझमध्ये फार थोडे झाले.

अरेंजिंगही तो असाच शिकला. त्या काळी लोकप्रिय गाण्यांच्या छापील अरेंजमेंट बाजारात मिळत. त्यांत प्रत्येक वाद्याचा कागद सुटा असे. कार्टर ते सगळे कागद जमिनीवर पसरायचा आणि गुडघ्यांवर बसून ट्रम्पेटला कुठला सूर दिलाय, त्याच क्षणी टेनॉर कुठे आहे, ट्रोम्बोन काय करतोय, हे एकेका कागदावर बोट ठेवून ताडून पाहायचा. स्वतः लिहायला लागला तेव्हाही सगळा बँड एकाखाली एक मांडलेला मोठा स्कोअर न लिहिता तो एका वाद्याचा कागद पुरा करून दुसऱ्याचा हातात घेई. बाकीचा बँड डोक्यात.

याची अवघड बाजू सॅक्सोफोनचं गणित पाहिलं की कळते. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा आणि टेनॉर बी फ्लॅटचा. पियानोवरचा 'सी' हवा असेल तर आल्टोच्या कागदावर 'ए' लिहावा लागतो आणि टेनॉरच्या कागदावर 'डी'. म्हणजे चार सॅक्सोफोन एकत्र वाजतात तेव्हा दोघांच्या कागदावर एक पट्टी असते, दोघांच्या दुसरी, आणि पियानोवाल्याची तिसरीच. त्यात हे चार सूर एकमेकांना खेटून, बहुधा एका सप्तकाच्या आत बसवायचे. वरच्या आल्टोकडे चाल, बाकीचे तिच्या खाली तिच्याच पावलाने चालणारे. इथवर नियम शिकून कुणालाही जमेल. नवखा अरेंजर वरची ओळ सजवतो आणि खालच्यांना उरलेसुरले सूर वाटून टाकतो. मग तिसऱ्या खुर्चीवरचा वादक कंटाळून वाजवतो आणि तो कंटाळा ऐकू येतो. कार्टरची कुठलीही खालची ओळ वेगळी काढून गुणगुणावी, तिला स्वतःची चाल असते. तो स्वतः सॅक्सोफोनवाल्यांच्या रांगेत बसणारा होता, हे त्याच्या लिहिण्यात पदोपदी जाणवतं. दम कुठे संपणार, बोटं कुठे अडखळणार हे त्याला ठाऊक असायचं. त्यामुळे त्याच्या लिखाणात सॅक्सोफोनचा ताफा एकट्या वादकाने आत्ता सुचेल तसं वाजवावं इतका मोकळा वाटतो.

हे वळण पहिल्यांदा ठसठशीत दिसलं १९३०मध्ये, फ्लेचर हेंडरसनच्या बँडसाठी केलेल्या 'कीप अ साँग इन युअर सोल'मध्ये. मोठ्या नाचऱ्या बँडांचं, स्विंगचं युग सुरू व्हायला अजून पाच वर्षं होती. १९३१मध्ये तो डेट्रॉइटच्या मॅकिनीज कॉटन पिकर्स या बँडचा संगीत दिग्दर्शक झाला, त्याआधी डॉन रेडमनने सांभाळलेल्या जागेवर. १९३२मध्ये स्वतःचा बँड काढला. पियानोवर टेडी विल्सन, टेनॉरवर चू बेरी, ड्रमवर सिड कॅटलेट अशी माणसं त्यात वाजवून गेली. जानेवारी १९३४मध्ये हार्लेमचं अपोलो थिएटर नव्याने सुरू झालं तेव्हा पहिल्या खेळाला कार्टरचाच बँड होता. पैसा मात्र मिळाला नाही. पुढेही त्याने दोन-तीनदा मोठे बँड उभे केले आणि वादकांनी डोक्यावर घेतलेले हे बँड हिशेबात तोट्यात गेले. माझ्या मते त्याला कारण त्याचा स्वभाव. स्टेजवर उड्या मारणं, टोपी उडवणं, एकच झटकेदार तुकडा लोक टाळ्या पिटेपर्यंत घोळवत राहणं, यातलं काहीच त्याला करवत नसे.

मग युरोप. पॅरिसला विली लुइसच्या बँडमध्ये काही महिने वाजवल्यावर १९३६च्या वसंतात बीबीसीच्या डान्स ऑर्केस्ट्राने त्याला अरेंजर म्हणून लंडनला बोलावलं. लेनर्ड फेदर या तरुण समीक्षकाने ऑर्केस्ट्राचा प्रमुख हेन्री हॉल याच्याकडे त्याचं नाव सुचवलं होतं. परदेशी वादकांवर तिथे कडक निर्बंध होते, त्यामुळे ऑर्केस्ट्रात बसून वाजवायची कार्टरला परवानगी नव्हती. लिहायची होती. आठवड्याला तीनपासून सहा अरेंजमेंट त्याने लिहून दिल्या आणि घराघरांतल्या रेडिओवर त्या वाजू लागल्या. ज्या हाताला वाद्य धरायची मनाई होती, त्याच हाताने सगळ्या ऑर्केस्ट्राचा आवाज बदलून टाकला. कार्टरच्या आयुष्यातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

'व्हेन लाइट्स आर लो' हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं लंडनच्या त्याच मुक्कामातलं, १९३६चं. एलिझाबेथ वेल्श गायली होती. या गाण्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. मधल्या भागात कार्टरने चाल एका पट्टीतून दुसरीत अशी अलगद नेली आहे की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि वाजवणाऱ्याची मात्र परीक्षा होते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने पन्नाशीच्या दशकात हे गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा हा भाग गाळला आणि मुखड्याचीच चाल चौथ्या सुरावर (म वर) नेऊन तिथे बसवली. माइल्सचं वजन असं की त्यानंतर पुष्कळ वादक तेच वाजवू लागले. माइल्सचं वाजवणं सुंदर आहे, पण गाणं त्यात उणावलंय असं मला वाटतं. मूळ ऐकल्याशिवाय या गाण्याबद्दल मत बनवू नये.

१९३७च्या उन्हाळ्यात हॉलंडमधल्या स्खेव्हेनिंगेन या समुद्रकाठच्या गावी त्याने जो बँड जमवला त्यात वेगवेगळ्या देशांचे, गोरे आणि काळे वादक शेजारी शेजारी बसत. त्या काळात अमेरिकेत हे जवळपास अशक्य होतं. १९३८मध्ये तो परतला, हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये नव्या बँडसह वाजवू लागला आणि महायुद्धाच्या मध्यावर लॉस एंजेलिसला स्थायिक झाला. १९४३च्या 'स्टॉर्मी वेदर' या चित्रपटापासून हॉलिवूडचं काम सुरू झालं. बरंच काम नामावळीत न येणारं. चाळिशीच्या दशकात त्याच्या बँडमधून जे.जे. जॉन्सन, मॅक्स रोच आणि कोवळा माइल्स डेव्हिसही वाजवून गेले.

लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या दोन युनियन होत्या. गोऱ्यांची लोकल ४७ आणि काळ्यांची लोकल ७६७. स्टुडिओतली पगारी, कायमची कामं पहिलीकडे जात. बडी कोलेट, मार्ल यंग अशा तरुण वादकांनी दोन्ही एक करायची मोहीम हाती घेतली तेव्हा कार्टर त्यांच्या बरोबर राहिला. स्टुडिओत पाय रोवलेल्या थोड्या कृष्णवर्णीयांपैकी तो एक होता. त्याला वैयक्तिक मिळवायचं फारसं नव्हतं, गमवायचं होतं. १९५३मध्ये दोन्ही युनियन एक झाल्या. पुढे त्याने 'एम स्क्वॉड'सारख्या टीव्ही मालिकांचं संगीत केलं, 'अ मॅन कॉल्ड ॲडम' या १९६६च्या चित्रपटाचं केलं, एला फिट्झजेराल्ड, सारा व्हॉन, पेगी ली, रे चार्ल्स यांच्या गाण्यांच्या अरेंजमेंट केल्या. १९६०मध्ये काउंट बेसीच्या बँडसाठी दहा रचनांचा 'कॅन्सस सिटी सूट' लिहिला. या सगळ्या धबडग्यात त्याचा स्वतःचा आल्टो बराच काळ पेटीतच राहिला.

तो पुन्हा नीट ऐकायला मिळाला नोव्हेंबर १९६१मध्ये, 'फर्दर डेफिनिशन्स' या इम्पल्स कंपनीच्या रेकॉर्डमध्ये. पॅरिसचाच साचा घेतला होता. दोन आल्टो, दोन टेनॉर, साथीला पियानो, गिटार, बास, ड्रम. हॉकिन्स तोच. सोबत फिल वुड्स आणि चार्ली राऊज हे पुढच्या पिढीचे दोघे, ड्रमवर बेसीच्या जुन्या बँडमधला जो जोन्स, आणि बासवर जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवणारा जिमी गॅरिसन. 'हनीसकल रोझ' आणि 'क्रेझी ऱ्हिदम' याही वेळी होती. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत असं मी सुचवीन. पॅरिसच्या तबकडीत चौघांचं वाजवणं गोल, नाचरं आहे. १९६१मध्ये लय जास्त ताणलेली आहे, सुरांच्या जोडण्या जास्त तिखट आहेत, आणि वुड्सचा धारदार आल्टो कार्टरच्या रेशमी आल्टोनंतर लगेच आला की चोवीस वर्षांत या वाद्यावर काय काय होऊन गेलं ते कानाला कळतं. मधल्या काळात आल्टोवर चार्ली पार्कर येऊन गेला होता. कार्टरने त्याची नक्कल केली नाही आणि त्याच्याकडे पाठही फिरवली नाही.

त्याच रेकॉर्डवर 'बॉडी अँड सोल' आहे. हॉकिन्सने १९३९मध्ये या गाण्यावर वाजवलेला सोलो जॅझमधला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला सोलो असेल. बावीस वर्षांपूर्वी एका माणसाला त्या क्षणी सुचलेल्या जागा कार्टरने चार सॅक्सोफोनसाठी लिहून काढल्या आणि चौघांपैकी एक खुद्द हॉकिन्स. मित्राला याहून मोठी मानवंदना कुठल्या अरेंजरने दिली असेल असं मला वाटत नाही.

सत्तरीच्या दशकात मरो बर्जर या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने त्याला प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवायला बोलावलं. १९७४मध्ये प्रिन्स्टनने मानद डॉक्टरेट दिली. शिकवता शिकवता त्याचं वाजवणंही जोमाने परत सुरू झालं. १९७६चा 'द किंग' हा अल्बम त्या पुनरागमनातला. वादकांनी त्याला फार पूर्वीच 'किंग' म्हणायला सुरुवात केली होती. मरो बर्जर, त्यांचे चिरंजीव एडवर्ड आणि जेम्स पॅट्रिक या तिघांनी त्याचं सविस्तर चरित्र लिहिलं, ते १९८२मध्ये आलं. १९८७मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव, १९९६मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान, २०००मध्ये राष्ट्रीय कलापदक असे मान मिळत गेले.

पण म्हातारपणी तो मान घेत बसला नाही. 'हार्लेम रेनेसाँस' हा मोठ्या ऑर्केस्ट्रासाठीचा सूट १९९२मध्ये लिहिला, वयाच्या ८४व्या वर्षी, आणि त्याच्या रचनेसाठी ग्रॅमी मिळवलं. दोन वर्षांनी 'एलिजी इन ब्लू' हा अल्बम निघाला. गेलेल्या सोबत्यांसाठी वाजवलेला. त्यात एलिंग्टनचं 'प्रिल्यूड टू अ किस' आहे. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा दम आखूड होणारच, तो झालाच आहे. त्यामुळे लांबलचक वाक्यांऐवजी तो छोटी वाक्यं घेतो, आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा सूर पुरा भरून सोडतो. या सोलोला ग्रॅमी मिळालं. १२ जुलै २००३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, वयाच्या ९५व्या वर्षी. त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण १९२०च्या दशकातलं होतं.