सर्पोद्यानातले काटकसरी

पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात काचेमागचा अजगर हलत नाही, म्हणून पोरं हिरमुसतात. खरं तर ही ऊर्जेची काटकसर. आपलं शरीर सदैव ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवण्यात अन्नातली बरीच ऊर्जा खर्ची पडते. सरपटणारे प्राणी ऊब उन्हातून, तापलेल्या दगडातून घेतात. त्यामुळे मोठी शिकार गिळलेला अजगर कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. काठावर मगर जबडा वासून पडते, तेव्हा बहुधा तोंडातल्या ओलाव्याचं बाष्पीभवन होऊन तिला गारवा मिळत असतो. नागाची लवलवती जीभ हवेतले गंधकण टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोचवते. आणि काचेवर टकटक नकोच: सापाला बाहेरून कान दिसत नसले, तरी जबड्याच्या हाडांतून त्याला कंपनं नेमकी कळतात.