गोष्ट ऐकणाराही घडवतो!

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॅनेट बाव्हेलास आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. २००० साली तो प्रसिद्ध झाला. एकाने स्वतःवर बेतलेला, थोडक्यात निभावलेला प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचा. पण काही श्रोत्यांना वेगळंच काम दिलं होतं: इंग्रजी ‘टी’ने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे कान अगदी टवकारलेले, पण गोष्टीत लक्ष नाही.

अशा श्रोत्यांपुढे गोष्ट ऐन रंगात यायच्या जागीच ढेपाळली! कुणी शेवट घाईत गुंडाळला, कुणी तोच तोच घोळवला, कुणी प्रसंग खरंच बाका होता हे पटवत बसलं. मन लावून ऐकणारे मात्र नेमक्या क्षणी दचकत, हळहळत होते आणि त्यांच्यापुढे गोष्ट छान खुलत होती.

शाळेतून आलेली मुलगी मधल्या सुट्टीतलं भांडण सांगत असते, आपण मोबाइलवर बोट फिरवत ‘हं... हं...’ करतो. मग ती दोन वाक्यांत आटपते आणि आपण म्हणतो, ही हल्ली काही सांगतच नाही. आज मोबाइल पालथा ठेवा आणि मध्येच एकदा ‘अगं बाई, मग?’ म्हणून बघा. भांडणात अजून कोण कोण होतं, तेही कळेल.