मारिओ ग्योतोकुत वेगानं का पळतो?

नव्वदच्या दशकात चिंचवड, डोंबिवली किंवा कोल्हापुरात वाढलेला आणि आता तोक्योच्या पूर्वेला ग्योतोकुत भाड्यानं राहणारा मराठी माणूस पहिल्यांदा खरा जपानी फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडोचा मूळ टीव्ही गेम, चालू झालेला पाहतो, तेव्हा त्याला खटकतो तो वेग. मारिओ तोच, ढग तेच, कासवंही तीच. पण सगळे घाईत आहेत, गाणंसुद्धा. आपलंच वय झालं असं वाटून माणूस गप्प बसतो. वयाचा काही संबंध नाही. लहानपणी आपण ज्यावर खेळलो ते यंत्र खरोखरच सावकाश चालत होतं. किती सावकाश आणि का, हे आकड्यांत सांगता येतं. त्यासाठी एम्युलेटर, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, आतून कसा चालतो ते पाहावं लागेल.

ग्योतोकु हा चिबा प्रांतातल्या इचिकावा शहराचा, तोझाई मेट्रोवरचा भाग. भारतीय आयटीवाल्यांची जुनी वस्ती असलेलं निशी-कासाई इथून चौथं स्थानक, त्यामुळे या पट्ट्यात मराठी घरंही आहेत. कायाबाचोला उतरून हिबिया लाइन धरली की थेट अकिहाबारा. तिथल्या जुन्या खेळांच्या दुकानांत लाल-पांढरा फॅमिकॉम आजही विकत मिळतो. काही दुकानांत ‘जंक’ अशी चिठ्ठी लावलेला मालही असतो. चालेल याची हमी नाही आणि परतही घेणार नाही, असा त्याचा अर्थ. अडचण घरी आणल्यावर सुरू होते. निन्टेंडोनं 15 जुलै 1983 रोजी 14,800 येनला बाजारात आणलेलं हे यंत्र चित्र पाठवतं ते अँटेनाच्या वाटेनं, जपानी टीव्हीच्या चॅनल 1 किंवा 2 वर. जपानच्या बहुतेक भागांत ॲनालॉग प्रक्षेपण 24 जुलै 2011 ला बंद झालं आणि पुढे नव्या टीव्हींमधून तो ट्यूनरच गेला. 1993 सालच्या सुधारित फॅमिकॉमला एव्ही जोडणी आहे, पण तो शोधत हिंडावं लागतं. लॅपटॉप मात्र घरात असतोच, आणि त्यावर एम्युलेटर चालतो.

एम्युलेटर कॅसेटमधल्या खेळाला हात लावत नाही. खेळ बाइट न् बाइट तोच राहतो. एम्युलेटर फक्त त्याच्याभोवती खोटं यंत्र उभं करतो, आणि ते इतकं खरं असावं लागतं की खेळाला शंका येऊ नये. खऱ्या यंत्रात मुख्य चिप दोन. एक रिकोह कंपनीची 2ए03. ही 6502 या प्रसिद्ध प्रोसेसरची बहीण, सेकंदाला सुमारे 17 लाख 90 हजार ठोके चालणारी. आवाजही हीच काढते. दुसरी चित्राची चिप, पीपीयू. कामाची मेमरी केवढी, तर 2 किलोबाइट.

प्रोसेसरची नक्कल करणं तुलनेनं सोपं. पुढची सूचना वाचायची, तिच्यात सांगितलेली बेरीज किंवा उडी करायची, तिला किती ठोके लागले ते मोजायचं, की पुढची सूचना. चाचणीसाठी ‘नेसटेस्ट’ नावाचा छोटा प्रोग्राम आहे. खऱ्या यंत्राप्रमाणे प्रत्येक सूचनेनंतर कुठल्या रजिस्टरात काय असायला हवं, याची हजारो ओळींची यादी त्याच्यासोबत मिळते. आपल्या एम्युलेटरची यादी तिच्याशी ताडून पाहायची. पहिली न जुळणारी ओळ सापडली की चूक सापडली. कॉलेजातल्या चुणचुणीत मुलाला एवढं सुट्टीत जमतं.

खरी कसोटी लागते ती वेळेला. प्रोसेसरच्या एका ठोक्यात पीपीयू तीन ठिपके पुढे सरकते. एका ओळीत 341 ठिपके, एका चित्रात 262 ओळी, आणि सेकंदाला साठ चित्रं. यातल्या 240 ओळी पडद्यासाठी, उरलेला वेळ पुढच्या चित्राच्या तयारीसाठी. खेळ लिहिणाऱ्यांनी हा हिशेब पाठ केला होता आणि त्यावर हातचलाखी केली होती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पडद्यावर वरच्या पट्टीत गुण, नाणी आणि वेळ दिसते. मारिओ धावतो तेव्हा खालचं जग सरकतं, पण पट्टी जागची हलत नाही. पीपीयूला मात्र पडद्याचे असे दोन भाग करता येत नाहीत. सरकवायचं तर सगळंच सरकवावं लागतं. मग कसं जमलं? पट्टीत जे नाण्याचं चित्र आहे, त्याच्या तळाशी एक हलतं चित्र, म्हणजे स्प्राइट क्रमांक शून्य, मुद्दाम दडवून ठेवलेलं आहे. रंगवत रंगवत पीपीयू त्या जागी पोचली आणि स्प्राइटचा ठिपका पार्श्वभूमीच्या ठिपक्यावर पडला, की ती एक खूण वर करते. प्रोसेसर तोवर दुसरं काही न करता त्या खुणेकडे डोळे लावून बसलेला असतो. खूण दिसली, म्हणजे पट्टी रंगवून झाली. मग तो म्हणतो, आता सरकव. तुमच्या एम्युलेटरनं ही खूण कधी वर केलीच नाही, तर खेळ तिथंच गोठतो. एका नाण्याच्या तळाशी लपवलेल्या ठिपक्यावर 1985 सालचा तो सगळा खेळ टांगलेला आहे!

कंट्रोलरची गोष्टही अशीच आहे. त्याला आपण रिमोट म्हणायचो. त्याची आठ बटणं आठ तारांनी येत नाहीत, एकाच तारेनं एकामागून एक येतात. खेळ 4016 या पत्त्यावर आधी 1 आणि मग 0 लिहितो. त्या क्षणी कुठली बटणं दाबलेली आहेत ते रिमोटमधली चिप टिपून ठेवते. मग खेळ तोच पत्ता आठ वेळा वाचतो आणि उत्तरं ठरलेल्या क्रमानं मिळतात: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. यात एक खोड आहे. यंत्र नेमकं त्याच वेळी ध्वनिमुद्रित आवाज वाजवत असेल, तर मध्येच एक जादा वाचन घडतं आणि एक बटण निसटतं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’ म्हणून रिमोट पुन्हा पुन्हा वाचतो आणि दोनदा एकच उत्तर आल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. चांगल्या एम्युलेटरला ही खोडसुद्धा उतरवावी लागते. माझ्या मते एम्युलेटर जोखायचा तो इथंच. यंत्राचे गुण कुणीही उतरवतो.

कॅसेटचं थोडक्यात सांगतो. प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी साधारण 32 किलोबाइटच दिसतो. पहिला मारिओ त्यात बसला: 32 किलोबाइट प्रोग्राम आणि 8 किलोबाइट चित्रं. मोठ्या खेळांसाठी कॅसेटमध्येच जादा चिप घातली जाई. टेबलावर जागा एकाच वहीची असावी आणि मागणीप्रमाणे कुणीतरी वह्या बदलून द्याव्यात, तसं ती हवा तो भाग समोर आणायची. या व्यवस्थेला मॅपर म्हणतात. असे मॅपर शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाची नक्कल वेगळी लिहावी लागते. कॅसेटवरून बनवलेल्या फाइलच्या सुरुवातीला 16 बाइटांची नोंद असते. त्यातला आकडा एम्युलेटरला सांगतो की हा मॅपर कुठला.

आता जोडसामान. फॅमिकॉमला समोरच्या बाजूला 15 पिनांचं एक छिद्र आहे. निन्टेंडोनं आणि इतरांनी त्यात काय काय खुपसलं याची गंमतच आहे. त्यातली बंदूक आपल्याकडेही घरोघर होती आणि बदकं मारताना ती टीव्हीच्या काचेला टेकवणारे महाभागही होते. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट नळीच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की खेळ एक चित्रभर सगळा पडदा काळा करतो. या वेळी उजेड दिसला, तर खेळाडू बल्बवर नेम धरून फसवतोय. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. आता उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक दोन चित्रांत येतात आणि कुठल्या चित्रात उजेड दिसला यावरून बदक ठरतं.

हे जुन्या काचेच्या डब्बा टीव्हीवरच चालतं. तिथं चित्र किरणानं ओळीओळीनं रंगतं आणि ठिपका उजळून लगेच विझतो; बंदुकीचा डोळा त्या लखलखाटालाच जुळवलेला आहे. एलसीडीवर तो लखलखाट नाही आणि चित्रही उशिरा येतं, म्हणून खरी बंदूक तिथं आंधळी. एम्युलेटर बंदुकीच्या जागी माउस घेतो. खेळ 4017 हा पत्ता वाचतो तेव्हा एम्युलेटर दोन गोष्टी तपासतो. माउसखालचा ठिपका उजळ आहे का? आणि या चित्रात किरण त्या ठिपक्यावरून नुकताच, म्हणजे साधारण वीस-पंचवीस ओळींच्या आत, गेलाय का? दुसरा प्रश्न आळशी एम्युलेटर विचारत नाहीत. ‘डक हंट’ तरीही चालतो, पण प्रकाश नेमका कधी दिसला हे मोजणारे खेळ बिघडतात.

जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट नाहीत. त्यांच्या जागी चक्क मायक्रोफोन आहे. 1986 च्या जपानी ‘झेल्डा’त लांब कानांचा एक राक्षस आहे, तो या मायक्रोफोनमध्ये ओरडलं की मरतो. एम्युलेटरमध्ये त्यासाठी कीबोर्डचं एक बटण नेमून देतात. ग्योतोकुतल्या पातळ भिंतींच्या घरात तेच बरं.

हा ‘झेल्डा’ कॅसेटवर नव्हे, चकतीवर आला. 21 फेब्रुवारी 1986 ला आलेल्या डिस्क सिस्टीमला चकतीची एका वेळी एकच बाजू वाचता येई, आणि दुकानात 500 येन देऊन जुन्या चकतीवर नवा खेळ लिहून मिळे. ही पुनर्लेखनाची सोय निन्टेंडोनं 2003 पर्यंत चालू ठेवली होती. आज मिळणाऱ्या ड्राइव्हमधला रबरी पट्टा बहुधा विरघळून चिकट झालेला असतो. एम्युलेटरला पट्टा नको, पण ‘बाजू बदला’ असं पडद्यावर आलं की मेनूत जाऊन बाजू बदलावी लागते. 1984 च्या ‘फॅमिली बेसिक’ कीबोर्डचे प्रोग्राम साध्या ध्वनिफितीवर साठत. एम्युलेटर तो आवाजच फाइलमध्ये साठवतो. आणि निन्टेंडोचा 1985 चा रोबो? त्याला तारच नाही. पडद्याची उघडझाप पाहून तो हात हलवतो आणि भोवरा ठेवून दुसऱ्या रिमोटचं बटण दाबतो. एम्युलेटरवर ते बटण तुम्हीच दाबा, झाला रोबो.

आता वेगाकडे येऊ. आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ वगैरे नावांनी विकले गेलेले टीव्ही गेम फॅमिकॉमच्या बिनपरवाना नकला होत्या. कॅसेट तीच, 60 पिनांची. आतल्या चिप अनेकदा तैवानच्या यूएमसी कंपनीच्या. पण भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रांचे. तैवानी अभियंत्यांनी मोठ्या हुशारीनं जपानी यंत्र त्यात बसवलं. प्रोसेसरच्या एका ठोक्याला तीन ठिपके हे प्रमाण त्यांनी मोडलं नाही. चित्रात 262 ऐवजी 312 ओळी घेतल्या आणि वाढीव ओळी रिकाम्या घालवल्या. पडदा रंगून झाला की 51 ओळी नुसतं थांबायचं आणि मगच खेळाला ‘तयारीला लाग’ असा इशारा द्यायचा. खेळाला तयारीचा वेळ जपानइतकाच मिळतो, म्हणून जपानी कॅसेट फेरफार न करता चालते. निन्टेंडोच्या अधिकृत युरोपीय यंत्रात हे प्रमाण 3.2 झालं होतं. वेळेची हातचलाखी करणारे काही जपानी खेळ त्यावर अडखळतात.

खेळ मात्र एका चित्राला एक पाऊल टाकतो, आणि संगीतही तसंच पुढे सरकतं. साठऐवजी पन्नास चित्रं, म्हणजे सगळं सहाव्या हिश्शानं सावकाश. प्रोसेसरचे ठोके 17 लाख 73 हजार, मूळच्यापेक्षा जेमतेम एक टक्का कमी. म्हणून सूर जवळपास तोच राहिला, लय तेवढी मंदावली. शिवाय अशा अनेक नकलांमध्ये आवाजाच्या दोन लहरींची, 25 आणि 50 टक्केवाल्यांची, अदलाबदल झालेली होती. त्यामुळे स्वर तोच असूनही त्याचा पोत वेगळा लागे. जपानी माणसाला ते बिघडलेलं वाटेल. आपल्या कानांना तोच मारिओ.

मेसेन नावाच्या मोफत एम्युलेटरमध्ये ही मंद लय आणि हा वेगळा पोत, दोन्हींची सोय आहे. प्रदेशाच्या जागी ‘डेंडी’ निवडायचं (रशियात खपलेल्या अशाच नकलेचं हे नाव) आणि ध्वनीच्या पानावर लहरींची अदलाबदल चालू करायची. खेळाच्या फाइली मात्र इकडून तिकडून उतरवू नका. बेकायदा टाकलेली फाइल जाणूनबुजून उतरवण्यावरचे जपानचे नियम 2021 पासून आणखी कडक झाले आहेत. आपल्या कॅसेटवरून यूएसबीनं वाचून घेणारी उपकरणं मिळतात.

आणि एक विनंती. ‘9999999 इन 1’ छापलेल्या आपल्याकडच्या कॅसेटमध्ये खेळ मोजकेच असत, पण त्यांचे मॅपर चित्रविचित्र आहेत आणि सगळ्यांची नोंद अजून झालेली नाही. गावाकडच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर ती भंगारात देऊ नका. उघडून आतल्या हिरव्या पट्टीचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा आणि ती वाचून घेऊ शकणाऱ्या माणसाच्या हाती द्या.